आई-बाबांना रेट्रो डायनरमध्ये ब्रंचला नेऊ का? (न्यू जर्सी)

चकलीताई:
लोकहो, प्रश्न छोटासाच आहे पण मी नेहमीसारखं लांबण लावणारे, आधीच माफी. आई-बाबा डोंबिवलीहून आलेत, जूनपासून आमच्याकडे एडिसनला आहेत, नोव्हेंबरात परत. नायगारा झाला, वॉशिंग्टन झालं, ब्रिजवॉटरचं बालाजी मंदिर तीनदा झालं, आउटलेट मॉल झाला आणि आता बाबा म्हणतात की हे सगळं ठीक आहे गं, पण इथली माणसं रविवारी सकाळी काय खातात ते काही तू दाखवलं नाहीस. बरोबरच आहे, कारण आमच्याकडे रविवारी सकाळी पोहेच असतात, त्यातला कढीपत्तासुद्धा आईने बाल्कनीत लावलेल्या कुंडीतला.

तर ऑफिसमधल्या एकीने एक रेट्रो डायनर सुचवलाय. हायवेला लागून आहे, बाहेर गुलाबी-निळी निऑन, आत काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी, लाल रेक्झिनची बाकं, भिंतीवर एल्विस आणि मेरिलिन, वेट्रेसच्या अंगात त्या काळचे घेरदार फ्रॉक. फोटो बघून लेक (वय ९) आत्तापासून नाचतेय. नवरा म्हणतो फोटो काढायला जा, खाऊन घरूनच निघा. बाबा घराबाहेर अंडं खातात (घराबाहेर! घरात नाही, हा आमच्याकडचा करार आहे), आई अंडंसुद्धा खात नाही, तिला तिथे नक्की काय मिळेल? आणि बाबा माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमधून रिटायर झालेत, ३४ वर्षं गाड्यांचे डबे दुरुस्त केले, त्यांना मी सांगून बसलेय की डायनर म्हणजे जुन्या रेल्वेच्या डब्यात केलेलं हॉटेल, तेव्हापासून ते रोज विचारतात कधी जायचं. हे खरं आहे ना? की मी उगाच फेकली?

बिनपाण्याचा_नळ:
फेकली 😄 पण थोडीशीच. जाणकार येतील, सांगतील.

मी फक्त त्या गुलाबी-निळ्या जागेबद्दल बोलतो, बहुतेक तीच असावी आणि नसली तरी अशा जागा सगळ्या सारख्याच. आम्ही गेलो होतो मागच्या हिवाळ्यात, रविवारी साडेअकराला, म्हणजे चर्च सुटायच्या वेळेला, ही आमची चूक. ५० मिनिटं दारात उभे. आत ज्यूकबॉक्स, भलामोठा, कडेने रंगीत नळ्यांतून बुडबुडे जाणारा, पोरगा नाणं घेऊन धावला तर नाणं टाकायला फटच नाही, गाणं लावायचं तर म्हणे ॲप डाउनलोड करा. मिल्कशेक ११ डॉलर. पॅनकेक मधोमध कच्चे. वेट्रेस बिचारी तो घेरदार फ्रॉक सावरत त्या दोन बाकांमधून कशी जात होती तिचं तिला माहीत. जेवणापेक्षा नेपथ्यावर जास्त पैसे गेलेत असं वाटलं. लेकीला न्या, मजा येईल तिला. काकांना तिथे नेऊन हे रेल्वेचं हॉटेल म्हणून सांगू नका एवढीच विनंती.

पार्सिपनीची_मावशी:
चकली, आईंच्या खाण्याचं मी सांगते, माझ्या सासूबाईंना दरवर्षी फिरवते त्यामुळे पीएचडी झालीये.

पॅनकेक, वॉफल, फ्रेंच टोस्ट तिन्ही बाद, पहिल्या दोघांच्या पिठातच अंडं असतं आणि फ्रेंच टोस्ट तर अंड्यात बुडवूनच भाजतात. होम फ्राइज म्हणजे आपली बटाट्याची भाजीच, कांदा आणि पाप्रिका घालून परतलेली, आईंना आवडेल, पण गोम अशी की ती बहुतेक वेळा त्याच तव्यावर परततात ज्याच्यावर शेजारी बेकन तडतडत असतं. तवा म्हणजे आपला तवा नाही, टेबलाएवढा लोखंडी पत्रा असतो, सगळं त्याच्यावरच. त्यामुळे विचारायचं, लाजायचं नाही. ग्रिल्ड चीजचंही तेच. सगळ्यात सेफ म्हणजे बेगल, टोस्टरमधला, बटर किंवा क्रीम चीज लावून (एग बेगल नावाचा एक पिवळा प्रकार असतो तो नको, बाकीचे चालतात), ओटमील, फळांची वाटी, कॉटेज चीज. डिस्को फ्राइज दिसतील मेन्यूत, म्हणजे फ्राइजवर मोझरेला आणि वरून तपकिरी ग्रेव्ही, लेक मागेल, पण ती ग्रेव्ही मांसाची असते हे आमच्याकडे अर्धी प्लेट संपल्यावर कळलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, घरी येऊन डोक्यावरून आंघोळ केली.

आणि हो, एग क्रीम दिसलं तर बिनधास्त मागवा!! नावात एग आहे, क्रीम आहे, आत दोन्ही नाही. दूध, सोडा आणि चॉकलेट सिरप, बस. मूळचं न्यूयॉर्कचं. काउंटरवाला आधी सिरप मग दूध मग जोरात सोडा मारतो ते बघायचं, वर पांढरा फेस येतो तो पाच मिनिटांत बसतो, लगेच प्यायचं.

बाबांसाठी दोन अंडी ओव्हर ईझी (उलटवून, पण बलक पातळच), राय टोस्ट आणि होम फ्राइज. पोर्क चालत असेल तर टेलर हॅम (खारवलेल्या पोर्कचे काप), एग अँड चीज हार्ड रोलवर, हे खास जर्सीचं. चालत नसेल तर विषय सोडा.

मिसळ_विदाउट_पाव:
टेलर हॅम नाही, पोर्क रोल. चालू द्या.

पार्सिपनीची_मावशी:
दक्षिण जर्सीत त्यालाच पोर्क रोल म्हणतात, तुम्ही चेरी हिलचे दिसता.

मिसळ_विदाउट_पाव:
हो 😄

रुळाखालची_खडी:
बोलावणं आलं म्हणून आलो. चकलीताई, तुम्ही बाबांना जे सांगितलंत ते अख्खी अमेरिका एकमेकांना सांगते, त्यामुळे वाईट वाटून घेऊ नका, पण डायनर म्हणजे रेल्वेचा जुना डबा नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घोड्यांच्या ट्रामचे भंगारात निघालेले डबे काही लोकांनी घेऊन त्यात खाणावळी काढल्या हे खरं, पण तुम्ही आज रस्त्याच्या कडेला जो डायनर बघता तो खाणावळ म्हणूनच कारखान्यात बनवलेला असतो. पूर्ण. काउंटर, स्टुलं, तवा, फरशी, दिवे, सगळं आत बसवून मग तो ट्रकवरून किंवा मालगाडीवरून जागेवर आणायचा, पाणी-गॅस-वीज जोडायची आणि धंदा सुरू. रस्त्यावरून न्यायचा म्हणून रुंदी डब्याएवढीच, म्हणून तो डब्यासारखा दिसतो. आणि नाव रेल्वेच्या डायनिंग कारवरून उचललं, त्यात घोटाळा वाढला.

सुरुवात त्याहून साधी. १८७२ साली ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स गावात वॉल्टर स्कॉट नावाच्या माणसाने घोडागाडीत सँडविच, कॉफी, उकडलेली अंडी ठेवून वर्तमानपत्राच्या ऑफिसबाहेर रात्री विकायला सुरुवात केली, कारण रात्रपाळीच्या लोकांना आठ वाजल्यानंतर खायला काही मिळायचं नाही. (आपल्याकडच्या रात्रीच्या भुर्जीच्या गाडीचा सख्खा भाऊ.) मग गाडीत उभं राहायला जागा, मग स्टुलं, मग चाकं काढून एका जागी बसवलेल्या गाड्या, असं करत करत त्याचा उद्योग झाला. मॅसॅच्युसेट्समध्ये वूस्टर लंच कार कंपनी होती, १९०६ पासून १९५७ पर्यंत. पण खरा कारभार न्यू जर्सीचा. एलिझाबेथला जेरी ओ'माहोनीचा कारखाना, पॅटरसनला सिल्क सिटी डायनर बनवणारी पॅटरसन व्हेइकल कंपनी, आणखी फोडेरो, कुलमन. घराशेजारी कारखाने म्हणून जर्सीत डायनर जास्त, म्हणून हिला डायनरची राजधानी म्हणतात.

आता रेट्रोचं. पन्नासच्या दशकातला डायनर त्या काळी रेट्रो नव्हता हो, तो तेव्हा लेटेस्ट होता. चकचकीत स्टील, फॉर्मायका, निऑन हे सगळं 'आमच्याकडे नवीन आहे, स्वच्छ आहे' हे सांगायला. भिंतीवर एल्विस कशाला लावतील, तो रेडिओवर चालूच होता. आणि तो बुडबुड्यांचा ज्यूकबॉक्स, वर्लिट्झरचं १९४६ चं १०१५ मॉडेल, त्याच्याच नकला आता सगळीकडे दिसतात, पण अरुंद डायनरमध्ये तो धूड ठेवायला जागा कुठली, तिथे टेबलाटेबलावर भिंतीला लावलेली छोटी पेटी असायची, पानं उलटून गाणं निवडायची. गुलाबी-निळा एल्विसछाप प्रकार नंतरचा, ज्यांनी लहानपणी खरे डायनर बघितले ते चाळिशीला आल्यावर त्यांना आठवणी विकायला काढलेला. जॉनी रॉकेट्स निघालं १९८६ ला, तेही लॉस एंजेलिसच्या मेलरोज अव्हेन्यूवर.

बाबांना न्यायचंच तर समिटला न्या. समिट डायनर, स्टेशनजवळच, ओ'माहोनीचा, तिसाच्या दशकाच्या शेवटचा. किंवा कुठलाही जुना, अरुंद, काउंटरवाला. भव्यच पाहिजे असेल तर क्लिफ्टनला रूट ३ वर टिक टॉक, बोर्डावर 'ईट हेवी' लिहिलंय, आज्ञा पाळा.

जुनी_डोंबिवली:
खडीसाहेब, माहिती आवडली पण सूर जरा 'खरं ते आमचंच' असा लागला. नऊ वर्षांच्या पोरीला एलिझाबेथचा कारखाना काय कळणार, तिला गुलाबी निऑन पाहिजे तर असू दे की. मी लंडनमध्ये असते, इथे डिशूम आहे, २०१० पासून, मुंबईच्या इराणी कॅफेच्या थीमवर. पंखे, जुने फोटो, 'इथे हे करू नका ते करू नका' पाट्या, सगळं. पहिल्यांदा गेले तेव्हा मलाही वाटलं काय हे नाटक. पण पाव हातात आला, चहात बुडवला आणि माझे डोळे भरले, आता बोला. मुंबईतली खरी कयानी १९०४ ची, तिथे मी कॉलेजात असताना शंभरदा गेले, तिथे कधी रडले नाही, वेटर ओरडायचा तेव्हा सोडून.

रुळाखालची_खडी:
मान्य. सूर चुकला.

पण तुमच्या इराण्यावरून एक आठवलं. इकडच्या डायनरचे मालक बघा, साठ-सत्तरच्या दशकापासून निम्मेशिम्मे ग्रीक. म्हणून तर मेन्यूत पॅनकेकच्या खाली स्पॅनाकोपिटा (पालक-चीज भरलेला पापुद्र्यांचा पदार्थ) आणि ग्रीक सॅलड असतं (चकलीताई, तुमच्या आईंना स्पॅनाकोपिटा देऊ नका, सारणात बहुतेक अंडं असतं). परदेशातून आलेला माणूस, कोपऱ्यावरची जागा, पहाटेपासून रात्रीपर्यंत गल्ल्यावर स्वतः, गावातल्या सगळ्यांना परवडेल असं खाणं. मुंबईत इराण्यांनी केलं, इकडे ग्रीकांनी. आणि दोन्हीकडे पोरं शिकली, डॉक्टर झाली, गल्ल्यावर बसायला कुणी नाही.

मिसळ_विदाउट_पाव:
पुण्यात गुडलक आहे अजून, १९३५ पासून. फक्त नोंद म्हणून.

बिनपाण्याचा_नळ:
पुणेकराने नोंद केली नसती तर धागा बंदच पडला असता.

ताई, व्यवहाराचं राहिलं: रविवारी जायचं तर नऊच्या आत, नाहीतर दोननंतर. कॉफीचा कप रिकामा दिसला की न विचारता भरतात, बाबांना सांगून ठेवा की नको असेल तर कपावर हात ठेवा, माझे वडील आग्रह मोडवेना म्हणून पाच कप प्यायले आणि रात्री दोन वाजता सोफ्यावर बसून क्रिकेट बघत होते. टीप १८-२० टक्के टेबलावर, बिल बऱ्याच ठिकाणी दाराशी गल्ल्यावर. थोडी कॅश ठेवा.

चकलीताई:
सगळ्यांना थँक्यू!! जाऊन आलो. रिपोर्ट देते.

शेवटी दोन्ही केलं. शनिवारी लेकीला आणि तिच्या मैत्रिणीला घेऊन मी गुलाबी-निळ्यात गेले, आई-बाबांना नेलं नाही. पोरी खूश. गाण्याला ॲपच लागतं, नळभाऊ बरोबर होते. शेक दोघीत एक घेतला.

आणि रविवारी सकाळी आठला आम्ही पाचही जण एका जुन्या डायनरमध्ये. समिट नाही, आमच्याच बाजूचा, नाव नाही लिहीत कारण तिथे आत्ता बसायला जागा मिळते ती मिळू दे. बाहेरून इतका छोटा की नवरा पुढे निघून गेला गाडी घेऊन. आत एक काउंटर, अकरा स्टुलं (लेकीने मोजली आणि प्रत्येकावर एक गिरकी घेतली), खिडकीकडे सहा बाकं. काउंटरच्या मागे स्टीलचा पत्रा, त्यावर सूर्याच्या किरणांसारखी नक्षी, तव्याच्या वरच्या भागात तेलाने पिवळी झालेली. एक आजी कॉफी ओतत होत्या, आईला "हन" म्हणाल्या, आई मला म्हणे, हनी म्हणजे मध ना गं, मला का म्हणतात?

आईने बेगल घेतला, बटर लावून, आणि पर्समधून लसणीच्या चटणीची डबी काढली. मी टेबलाखालून पाय मारला तर म्हणे काय झालं, मी काय त्यांचं उष्टं करतेय का. आजींनी बघितलं, विचारलं काय आहे, आईने चमच्याच्या टोकावर दिली. आजी खोकल्या, डोळे पुसले आणि मग तव्यावरच्या काकांना बोलावून त्यांनाही खायला लावली. मावशी, होम फ्राइजबद्दल विचारलं, काकांनी कोपऱ्यात वेगळं पॅन ठेवून करून दिले. एग क्रीम मिळालं नाही, तिथे मशीन बंद होतं.

आता बाबा. बाबांनी अंडी मागवली आणि येईपर्यंत ते जागेवर नव्हतेच. मी बघते तर काउंटरच्या टोकाला उभे, छताच्या कोपऱ्यावरून बोट फिरवतायत. छत भिंतीला जिथे मिळतं तिथे गोल वळण आहे आणि पत्र्याच्या जोडावर स्टीलची पट्टी मारलीये. मला म्हणे, ही बीडिंग बघ, खालचा जोड दिसू नये आणि पाणी आत येऊ नये म्हणून. आपल्याकडे पण अशीच. मी म्हटलं बाबा बसा, लोक बघतायत. म्हणे बघू देत, मी काय चोरी करतोय. मग खिडकीची चौकट ठोकून बघितली. मग खाली वाकून फरशी भिंतीला मिळते तिथे बघितलं, गंज किती आलाय. म्हणाले, डबा नाहीये हा, अंडरफ्रेम नाही खाली, पण करणारा माणूस डबेवालाच आहे. (खडीकाका, मी त्यांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला नव्हता हं, शप्पथ.)

आणि मग दाराच्या आतल्या बाजूला वर एक छोटी धातूची पाटी दिसली त्यांना, रंगाचे चार थर बसलेले. मोबाईलचा टॉर्च लावून वाचली. वर सिल्क सिटी डायनर्स, खाली नंबर ५२११. बाबा वळले आणि मला म्हणाले, "बावन्न सालचा आहे." मी विचारलं कशावरून, तर म्हणे नंबर वाच ना, पहिले दोन आकडे साल. आपल्या मेल-एक्सप्रेसच्या डब्यांवर असतात, इतकी वर्षं गाडीने गेलीस, कधी बघितलं नाहीस?

तव्यावरच्या काकांना विचारलं तर त्यांना माहीत नव्हतं, त्यांच्या वडिलांनी विकत घेतला होता म्हणे, पन्नासच्या दशकातला असेल कुठलातरी. खडीकाका, बाबा बरोबर आहेत का? की आपल्या रेल्वेचा हिशोब इकडे लावला? ते मागे लागलेत विचार विचार म्हणून.

रुळाखालची_खडी:
उभं राहून टाळ्या. तुमचे बाबा शंभर टक्के बरोबर. सिल्क सिटीचा नंबर असाच वाचतात, आधीचे दोन आकडे साल आणि पुढचे त्या सालातला कितवा. ५२११ म्हणजे १९५२ मधला अकरावा. इथे डायनरवेड्यांना हे कुठूनतरी शिकावं लागतं, मलाही एकाने सांगितलं तेव्हा कळलं. माटुंग्याच्या माणसाने पाटी बघून सांगितलं याला काय म्हणावं.

त्या डायनरवाल्या काकांना हे नक्की सांगा, पाटी रंगवू नका म्हणावं.

चकलीताई:
सांगितलं बाबांना. आधी अर्धा तास आईला ऐकवलं, मग डोंबिवलीला काकांना व्हिडिओ कॉल करून ऐकवलं. पुढच्या रविवारी परत जायचंय, आई चटणीची मोठी डबी भरतेय, आजींनी मागितलीये.

आणि बाबांनी आणखी एक विचारायला सांगितलंय: तो पॅटरसनचा कारखाना अजून चालू आहे का, बघायला मिळेल का?

रुळाखालची_खडी:
नाही हो. साठच्या दशकातच बंद पडला. ओ'माहोनी त्याच्याही आधी.

चकलीताई:
सांगितलं. थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "माटुंगा चालू आहे. १९१५ पासून." आणि आईकडे चहा मागितला.